काटा नॉर्मल सांगतो, पट्टा काय सांगतो? पुण्याच्या पोटाची दीडशे वर्षं

मोठी पोस्ट आहे, चहा घेऊन निवांत वाचा. विषय पोटाचा आहे आणि थोडा संडासचाही आहे, त्यामुळे जेवता जेवता वाचू नका.

माझा एक वर्गमित्र आहे. नाव सांगत नाही. तालुक्याच्या गावी आम्ही एका बाकावर शिकलो. तो पुण्यात नोकरीला लागला, कोथरूडला फ्लॅट घेतला. मी गावाकडे पत्रकारिता करत राहिलो आणि आता आठवड्यातले निम्मे दिवस पुण्यातच असतो. मागच्या वर्षी त्याला संडासवाटे रक्त पडायला लागलं. आपल्याकडे रक्त पडलं की निदान ठरलेलं असतं : मूळव्याध. पुण्यात कुठल्याही रस्त्याने जा, भिंतीवर, रिक्षाच्या मागे, बसस्टॉपवर 'मूळव्याध, भगंदर, फिशर, विनाऑपरेशन इलाज' हे दिसतंच. तो अशाच एका ठिकाणी गेला. आठ महिने चूर्ण, मलम, ताक आणि तिखट बंद. दुर्बिणीने आतून बघू या, असं आठ महिन्यांत कुणीही म्हटलं नाही.

शेवटी बायकोने हट्ट धरला म्हणून पोटाच्या डॉक्टरांकडे गेला. कोलोनोस्कोपी झाली. मोठ्या आतड्यात दीड सेंटिमीटरचा पॉलिप निघाला. त्याच बैठकीत तो कापून काढला आणि तपासणीला पाठवला. रिपोर्टमध्ये शब्द आला 'अ‍ॅडिनोमा'. कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेवर निघालेली गाठ होती.

मी भेटायला गेलो तेव्हा तो एकाच गोष्टीवर अडला होता. "अरे, डॉक्टर म्हणतात पोटाची चरबी कमी करा. मी जाड आहे का रे? वजन अडुसष्ट, उंची पाच फूट सात. कंपनीच्या चेकअपमध्ये बीएमआय साडेतेवीस, पुढे छापलंय नॉर्मल."

मी त्याच्याकडे नीट बघितलं. हातपाय काडीसारखे. शर्टाच्या आत मात्र पोट, व्यवस्थित गोल. टेप लावली तर अडतीस इंच.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलो आणि दीडशे वर्षं मागे जाऊन पोचलो. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण हा प्रश्न फक्त वैद्यकीय नाही. तो आपल्या इतिहासाचा आहे, आणि त्यातला बराचसा इतिहास पुण्यात घडलेला आहे.

आधी भुकेपासून सुरुवात करू.

१८७६ ते १८७८. दख्खनचा मोठा दुष्काळ. सरकारने दुष्काळी कामं काढली होती. सर रिचर्ड टेंपल नावाचे अधिकारी आले आणि त्यांनी ठरवलं की खर्च जास्त होतोय. खडी फोडणाऱ्या पुरुषाची मजुरी त्यांनी आणली दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध सरकारकडे अर्जांवर अर्ज केले, गावोगावची माहिती गोळा करून पाठवली. मजुरांनी कामं सोडली. माणसाला जगायला किती अन्न लागतं, हा वाद पुण्याने तेव्हापासून घातलाय.

पुढचा टप्पा १९७२चा. हा तुमच्या घरातल्या थोरांना आठवत असेल. तांबडी मिलो ज्वारी, सुकडी, रोजगार हमीची खडी. माझी आजी त्या वर्षाबद्दल बोलताना 'खाल्लं' असं कधी म्हणायची नाही, 'ढकललं' म्हणायची.

अशा मुलखात पोट सुटणं हा आजार कसा वाटेल? आपली भाषाच बघा. लग्नानंतर मुलगा जाड झाला की आपण म्हणतो 'तब्येत सुधारली'. 'अंगाने भरला'. 'खात्यापित्या घरचा दिसतो'. उलट कुणी वजन कमी केलं की पहिला प्रश्न, 'काय रे, बरं नाही का?' ढेरीवर आपण विनोद करतो, पण मनातून तिला मान देतो. दुष्काळाने शिकवलेली ही भाषा आहे, तिला हसण्यात अर्थ नाही. फक्त दुष्काळ सरला आणि भाषा तशीच राहिली.

आता १९७१. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 'पॉव्हर्टी इन इंडिया' हा अभ्यास मांडला. माणसाला रोज सरासरी २२५० कॅलरी मिळायला हव्यात, तेवढं अन्न घेण्याची ऐपत ज्याच्या खर्चात बसत नाही तो गरीब, असा हिशेब त्यांनी केला. निष्कर्ष देशाला हलवणारा होता : खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली सुमारे ५० टक्के माणसं या रेषेखाली.

त्याला आव्हान देणारा माणूसही इथलाच. पां. वा. सुखात्मे. जन्म सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा, शिक्षण फर्ग्युसनचं, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत वीस वर्षं आकडेवारीचे प्रमुख, आणि निवृत्तीनंतर परत पुणे. त्यांचं म्हणणं असं की शरीर म्हणजे ठरलेलं पेट्रोल पिणारं इंजिन नव्हे. तेच शरीर कमी अन्नावर स्वतःला सावरून घेतं, आजची गरज आणि उद्याची गरज वेगळी असते. म्हणून एकच सरासरी रेष लावली तर उपाशी माणसांचा आकडा फुगतो. दांडेकरांना हे पटलं नाही. दोघांत जोरदार वाद झाला.

कोण बरोबर, यावर अर्थशास्त्रवाले आजही बोलतात. मला त्यातला एक धागा महत्त्वाचा वाटतो. कमी अन्नावर शरीर सावरून घेतं, पण त्याची किंमत कुठे मोजतं? याचं एक उत्तर वीस-पंचवीस वर्षांनी पुण्यातूनच आलं.

रास्ता पेठेतलं केईएम रुग्णालय. मुंबईचं नव्हे, आपलं पुण्याचं. तिथले मधुमेहाचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांना एक कोडं पडलं होतं. मधुमेहाचे रुग्ण यायचे ते पाश्चात्त्य पुस्तकातल्यासारखे लठ्ठ नसायचे. बारीक, तरुण, हातपाय सडपातळ, आणि तरीही साखर वाढलेली. १९९३ साली त्यांनी इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या संशोधकांबरोबर पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. गरोदर होण्याआधीपासून बायकांची नोंद, मग गरोदरपण, मग बाळाचं मोजमाप.

२००३ साली त्याचा निकाल छापून आला. आपल्या या गावांतल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. म्हणजे आपली बाळं बारीक. पण स्नायू, पोटातले अवयव हे सगळं जितकं कमी होतं तितकी चरबी कमी नव्हती. पाठीवरच्या कातडीखालचा चरबीचा थर बऱ्यापैकी टिकून होता. पोटात अन्न कमी पडलं तेव्हा बाळाने स्नायूंवर काटकसर केली आणि चरबी राखून ठेवली. याज्ञिकांनी त्याला नाव दिलं 'थिन-फॅट' बाळ. बारीक पण चरबीदार.

पुढच्याच वर्षी, जानेवारी २००४ मध्ये, 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक पानभर मजकूर आणि एक फोटो आला. फोटोत दोन डॉक्टर : पुण्याचे याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. (साखरेविरुद्ध लिहिणारे जुने जॉन युडकिन वेगळे, हे दुसरे.) दोघांचा बीएमआय जवळपास एकच, २२.३. काट्याच्या आणि उंचीच्या हिशेबात दोघं सारखे. मग यंत्रावर शरीरातली चरबी मोजली. युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! युडकिन मॅरेथॉन धावायचे. आपला व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार मिटायच्या आत धावत गाठणं, अशी स्वतःची थट्टा याज्ञिकांनी त्यात केली आहे. आपलं जन्माचं वजनही कमी होतं, हेही त्यात सांगितलं आहे.

माझ्या मित्राच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या फोटोत आहे. बीएमआय हे माप मुळात १८३२च्या आसपास केटले नावाच्या एका बेल्जियन गणितज्ञाने काढलं. त्याला आजार शोधायचा नव्हता, त्याला 'सरासरी माणूस' कसा असतो ते हवं होतं. १९७२ साली अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. हे माप वजन सांगतं. ते वजन मांडीतल्या स्नायूचं आहे की पोटातल्या चरबीचं, हे त्याला कळत नाही. म्हणूनच २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी वेगळ्या रेषा ठरवल्या : बीएमआय २३ झाला की जादा वजन, २५ झाला की लठ्ठपणा. आणि कंबर, पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत, बाईची ८०च्या आत. माझ्या मित्राची कंबर भरते ९६. पण त्याच्या कंपनीच्या रिपोर्टवर अजून जुनीच रेष छापलेली आहे, २४.९ पर्यंत नॉर्मल.

आता दुसरी गोष्ट, आतड्याची. ती पुण्यापासून दूर, लंडनमध्ये सुरू होते.

पॉलिप म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवलेली गाठ. कधी चामखिळीसारखी चपटी, कधी देठ असलेल्या अळंबीसारखी. मूळव्याधीच्या मोडाचा आणि हिचा काही संबंध नाही. मोड म्हणजे गुदद्वाराजवळ सुजलेल्या रक्तवाहिन्या. पॉलिप आत, वर, कुठेही असू शकतो, आणि बहुतेक वेळा त्याचा काहीच त्रास नसतो. दुखत नाही, खुपत नाही.

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात फक्त आतड्याच्या शेवटच्या भागाचे आजार बघायचे. तिथे लॉकहार्ट-ममरी हे सर्जन आणि ड्यूक्स हे पॅथॉलॉजिस्ट यांनी १९२०च्या दशकातच म्हणायला सुरुवात केली होती की इथला कॅन्सर अचानक उगवत नाही, आधी साधी गाठ असते. त्याच रुग्णालयातल्या मॉर्सन आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली हजारो नमुने तपासून आकडे मांडले. एक सेंटिमीटरपेक्षा लहान अ‍ॅडिनोमात कॅन्सर सापडला १.३ टक्क्यांत. एक ते दोन सेंटिमीटरच्या गाठींत ९.५ टक्क्यांत. दोन सेंटिमीटरच्या वर ४६ टक्क्यांत.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. गाठ जितकी जुनी आणि मोठी, तितका धोका. बहुतेक गाठींचा कॅन्सर कधीच होत नाही. ज्यांचा होतो त्यांना साधारण दहा वर्षं किंवा जास्त लागतात. इतकी मुदत देणारे कॅन्सर फार थोडे आहेत.

पण गाठ आत आहे हे कळणार कसं? पूर्वी आत, वरच्या बाजूला असलेली गाठ काढायची तर पोट फाडावं लागायचं. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि मूळचे जपानी असलेले हिरोमी शिन्या या दोघांनी लवचिक दुर्बिणीतून तारेचा फास घालून पॉलिप कापून काढला. पोटावर एकही टाका नाही. तपासणी आणि इलाज एकाच बैठकीत. १९९३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की असे पॉलिप काढून टाकलेल्या १४१८ माणसांत आतड्याचा कॅन्सर अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्के कमी झाला. २०१२ साली त्याच अभ्यासातून मृत्यूंचा हिशेब आला, अपेक्षेच्या निम्म्याहून कमी.

म्हणजे हा कॅन्सर होण्याआधीच थांबवता येतो. फक्त आत बघावं लागतं.

आता पोट आणि आतडं या दोन गोष्टी जिथे मिळतात तिथे येऊ.

१९९५ साली हार्वर्डच्या जिओवानुची यांनी अमेरिकेतल्या हजारो पुरुषांचा अभ्यास मांडला. हे सगळे आरोग्यक्षेत्रातलेच लोक, म्हणजे दातांचे डॉक्टर, औषधवाले वगैरे. ज्यांची कंबर मोठी आणि हालचाल कमी, त्यांच्यात आतड्याचा कॅन्सर जास्त, आणि मोठे अ‍ॅडिनोमाही जास्त. त्याच वर्षी त्यांनी त्याचं एक कारणही सुचवलं : इन्सुलिन.

कसं ते साध्या भाषेत सांगतो. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेली चरबी स्वस्थ बसत नाही. ती असते तेव्हा इन्सुलिनचं काम नीट होत नाही, म्हणून शरीर आणखी इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन आणि त्याच्या जातीचे पदार्थ पेशींना वाढायला सांगतात. आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होत असतं, तिथे पेशींची वाढ सतत चालूच असते. तिथे 'वाढा, वाढा' असा निरोप वर्षानुवर्षं जात राहिला, त्यात चरबीतून निघणारी बारीक सूज मिळाली, तर जी पेशी चुकली आहे ती मरायच्या ऐवजी टिकते. तिची गाठ होते.

२०१२ साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून हिशेब केला गेला : बीएमआय पाचने वाढला की अ‍ॅडिनोमाचा धोका सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने जादा चरबीशी नातं पक्कं झालेल्या १३ कॅन्सरांची यादी दिली, त्यात मोठं आतडं आहे. आणि २०२२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत उलटी बाजूही दिसली. मोठेपणी ज्यांचं वजन थोडं थोडं का होईना कमी होत गेलं त्यांच्यात अ‍ॅडिनोमा ४६ टक्के कमी आढळले. वजन कमी केलं म्हणून पॉलिप होणारच नाही, असा याचा अर्थ नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

इथे कुणीतरी कमेंटमध्ये विचारणारच, म्हणून मीच विचारतो. भारतात आतड्याचा कॅन्सर मुळात कमी आहे ना? हो, कमी आहे. अमेरिका-युरोपच्या मानाने आपलं प्रमाण खूपच खाली आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, भाजी, मांस कमी, ही कारणं सांगितली जातात आणि त्यात तथ्य आहे. आतड्याच्या कॅन्सरला पोट हे एकच कारण नाही, हेही खरं. वय, घराण्यात कुणाला असणं, तंबाखू, दारू, डबाबंद मांस हे सगळं आहे. बारीक माणसालाही होतो.

पण जपानकडे बघा. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्येही हा आजार आपल्यासारखाच कमी होता. मग जेवण बदललं, चालणं कमी झालं, आणि एक-दोन पिढ्यांत जपान जगातल्या वरच्या देशांत जाऊन बसला. पोट आज सुटतं, पॉलिप पाच-दहा वर्षांनी, कॅन्सर आणखी दहा वर्षांनी. आजचा कमी आकडा हा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या जगण्याचा आकडा आहे.

आणि जुनं पुणं आठवा. हे सायकलींचं शहर होतं. कामगार, मास्तर, कॉलेजची पोरं, सगळे सायकलवर. १९७२ साली आकुर्डीत बनलेली चेतक रस्त्यावर आली. सुरुवातीला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, तोवर सायकल चालूच होती. मग नव्वदीनंतर गाड्या वाढल्या, हिंजवडी आली, खुर्ची आली, रात्रपाळी आली, घरपोच जेवण आलं. २०१८ साली बातमी होती की पुण्यात माणसांपेक्षा वाहनं जास्त झाली. दुष्काळाशी जुळवून घेतलेलं आपलं शरीर, पोटात असताना चरबी राखून ठेवायला शिकलेलं, या खुर्चीवर येऊन बसलं.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे देशाचे आकडे बघा. बीएमआयच्या जुन्या रेषेने बघितलं तर २४ टक्के बायका आणि सुमारे २३ टक्के पुरुष जाड. पण त्याच पाहणीत पहिल्यांदा कंबर आणि नितंबाचं प्रमाण मोजलं. त्या मापाने सुमारे ५७ टक्के बायका आणि ४८ टक्के पुरुष धोक्यात. एकच देश, तीच माणसं. काटा म्हणतो चौथा हिस्सा, टेप म्हणते निम्मे. मधला चौथा हिस्सा म्हणजे माझ्या मित्रासारखी माणसं, ज्यांच्या रिपोर्टवर 'नॉर्मल' छापलेलं असतं.

आता सार्वजनिक प्रश्न. पॉलिपचे वर सांगितलेले बहुतेक आकडे अमेरिका, युरोप, जपान, कोरियाचे आहेत, कारण तिथे त्रास नसलेल्या माणसांचीही तपासणी होते. जपानने १९९२ पासून चाळिशीनंतरच्या लोकांसाठी शौचाची तपासणी सुरू केली, डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी. शौचाचा छोटा नमुना द्यायचा, रक्त निघालं तरच दुर्बीण. २००८ पासून तिथे ४० ते ७४ वयातल्यांची कंबरही दरवर्षी मोजतात. अमेरिकेने २०२१ साली तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं, कारण तरुण रुग्ण वाढले.

आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर तीन कॅन्सर तपासतात : तोंड, स्तन, गर्भाशयाचं मुख. हे तीन निवडले ते बरोबरच आहे, आपल्याकडे ते जास्त आहेत. आतडं त्या यादीत नाही. पण गंमत अशी की आशाताई घरोघरी जो फॉर्म भरून घेतात त्यात कंबरेचं माप आहे! टेप आपल्या वस्तीपर्यंत आधीच पोचलेली आहे. त्या मापाचा उपयोग आपण साखर आणि रक्तदाबासाठी करतो, आतड्यासाठी करत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. सगळ्या पुण्याची कोलोनोस्कोपी करा, असं मी म्हणत नाही. तेवढे डॉक्टर नाहीत, आणि सगळ्यांना गरजही नाही. पण ज्या शहराने थिन-फॅट शरीर जगाला दाखवलं, त्या शहराच्या महापालिकेने निदान एखाद्या भागात तरी करून बघावं : पंचेचाळिशीच्या पुढे, कंबर रेषेच्या वर, अशा माणसांना शौचाची साधी तपासणी, आणि रक्त निघालं तर महापालिकेच्या खर्चाने दुर्बीण. दोन वर्षांत आपल्याला आपला स्वतःचा आकडा मिळेल. सार्वजनिक सभेने गावोगाव फिरून भुकेची माहिती जमवली, दांडेकर-रथांनी कॅलरी मोजल्या. मोजणं ही पुण्याची जुनी सवय आहे.

आणि तोवर तुम्ही-आम्ही काय करायचं?

एक, घरातली शिवणाची टेप काढा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, उघड्या अंगावर मोजा. पँटचा नंबर धरू नका, आपण पट्टा पोटाच्या खाली बांधतो. पुरुषांना साडेपस्तीस इंच, बायकांना साडेएकतीस, या आसपास रेष आहे.

दोन, संडासवाटे रक्त पडलं, शौचाची सवय बदलली, कारण नसताना अंगात रक्त कमी झालं, तर स्वतःच मूळव्याध ठरवू नका. मूळव्याध असेलही, बहुतेक वेळा तीच असते. पण आतून बघितल्याशिवाय ते कुणालाच सांगता येत नाही, भिंतीवरच्या बोर्डालाही नाही.

तीन, आईवडील, भावंडं यांत कुणाला आतड्याचा कॅन्सर किंवा पॉलिप झाला असेल तर त्रास नसतानाही डॉक्टरांना विचारा. लाजू नका.

मित्र आता बरा आहे. तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण आहे. रोज संध्याकाळी जेवणानंतर पाऊण तास चालतो, मी पुण्यात असलो की मीही जातो. कंबर अडतीसवरून साडेछत्तीस झाली. परवा गावी गेला होता. चुलती दारातच म्हणाली, "काय रे बाळा, वाळलास किती! खातोस की नाही?"

तो हसून म्हणाला, "काकू, तब्येत सुधारलीय."

तुमच्या घरात कुणाच्या बाबतीत असं मूळव्याध समजून उशीर झाला असेल, तर नाव-गाव न लिहिता कमेंटमध्ये सांगा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आणि टेप लावली असेल तर आकडा नाही सांगितलात तरी चालेल, पण लावा.